वजन तेवढंच, पण कंबर उतरली आणि ताकद वाढली: शरीरात नेमकं काय बदललं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या एक ताई, वय ४४, उंची १५७ सेंटिमीटर, बँकेत बैठी नोकरी. सहा महिने आठवड्यातून तीनदा नेमाने जिमला जातात आणि वजनं उचलतात. सुरुवातीला वजन ६८.४ किलो होतं, आज ६७.२ आहे. कंबर ९१ सेंटिमीटरवरून ८६ वर आली. स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन मारायची बैठक) रिकाम्या वीस किलोच्या बारने सुरू केला होता, आता ४५ किलोवर पाच रेप्स, म्हणजे सलग पाच बैठका निघतात. त्यांच्या जाऊबाईंनी मात्र काहीही व्यायाम न करता, सूप आणि शेकवर राहून तीन महिन्यांत ९ किलो घटवले, आणि घरात सगळे त्यांचंच कौतुक करतात. ताईंनी विचारलंय, "माझी मेहनत फुकट गेली का? चरबीचेच स्नायू झाले म्हणून वजन तेवढंच राहिलं का? आणि हातपाय तर काही जाड झाले नाहीत, मग ताकद आली कुठून?"

ताई, तुमची मेहनत अजिबात फुकट गेलेली नाही. गेली वीसेक वर्षं नौपाड्यात लोकांना वजनं उचलायला शिकवणं हेच माझं काम आहे. या काळात 'वजन कमी करायचंय' म्हणून आलेल्यांपैकी बहुतेकांची खरी अडचण स्नायू कमी असण्याची होती. वजन थोडं जास्त असणं ही त्यामानाने लहान गोष्ट. तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीपाशी येतात, म्हणून ती आधीच सांगते.

काटा हाडं, पाणी, स्नायू, चरबी, आतडी, सकाळचा चहा, सगळं एकत्र तोलतो. यातलं पाणी तर रोज हलतं. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. एकट्या स्नायूंमध्येच तो तीनशे ते पाचशे ग्रॅम असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणजे दोन दिवस भात-पोळी बंद केली की दीड-दोन किलो 'उतरतात', आणि रविवारी घरी बिर्याणी झाली की सोमवारी 'चढतात'. यात चरबीचा काही संबंध नाही. खारट खाल्लं की पाणी थांबतं, पाळीच्या आधी थांबतं, नवीन व्यायामाने स्नायू दुखत असतील तेव्हाही थांबतं. म्हणून रोजचा आकडा बघून खूश किंवा नाराज होऊ नका. बघायचंच असेल तर सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी बघा, आणि आठवड्याची सरासरी काढा. दोन आठवड्यांच्या सरासऱ्यांमधला फरक तेवढा खरा.

आता चरबीचे स्नायू होतात का? होत नाहीत. या दोन वेगळ्या पेशी आहेत. चरबीची पेशी म्हणजे तेलाचा साठा. स्नायूची पेशी प्रथिनांच्या बारीक धाग्यांची असते आणि तिचा तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. एकीची दुसरी बनत नाही. घडतं ते असं की चरबीचा साठा इंधन म्हणून खर्च होतो, आणि त्याच काळात, व्यायाम आणि प्रथिनं मिळाल्यामुळे, स्नायू वेगळे भरतात. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतात. व्यायामाला नवीन असलेल्या माणसात ती एकाच वेळी छान चालतात. जुन्या खेळाडूला मात्र बहुधा एका वेळी एकच साधतं.

जळलेली चरबी जाते कुठे, हेही सांगते, कारण घाम गाळायला प्लास्टिकचा सूट घालून ट्रेडमिलवर पळणारे मला अजून दिसतात. १० किलो चरबी जळली की तिच्यातले साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात आणि १.६ किलोचं पाणी होतं. घामाने जातं ते पाणी, तेही तासाभरात पिऊन परत येतं. ठाण्याच्या मे महिन्यातल्या दमट हवेत तो सूट घालणं तर धोक्याचंच आहे.

तुमचा हिशोब मांडून बघू. वजन १.२ किलोने उतरलं, कंबर ५ सेंटिमीटरने. ढोबळ मानाने चरबी एक किलोने घटली की कंबर एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त उतरते, म्हणून तुमची चरबी साडेतीन-चार किलोने घटली असावी असा माझा अंदाज आहे. मग काटा फक्त सव्वा किलोच का खाली आला? कारण सव्वादोन ते पावणेतीन किलोची भर पडली: काही स्नायू, काही त्या स्नायूंनी धरलेलं ग्लायकोजेन आणि पाणी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. चार किलोचे झाले तीस हजारांवर. ते सहा महिन्यांवर वाटले तर रोजची तूट १७० कॅलरींच्या आसपास येते, म्हणजे अर्ध्या वडापावच्या थोडी वर. इतकी तूट घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्हाला उपाशी वाटलं नसेल ते यामुळेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'स्नायू चरबीपेक्षा जड असतात' हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. एक किलो म्हणजे एक किलोच. फरक घनतेचा आहे. एक लिटर स्नायूचं वजन साधारण १.०६ किलो भरतं, एक लिटर चरबीचं ०.९ किलो. म्हणजे तीन किलो चरबी जाऊन तीन किलो स्नायू आले तरी अंगाचं आकारमान जेमतेम अर्धा लिटरने कमी होतं. सोशल मीडियावर चरबीचा डोंगराएवढा गोळा आणि शेजारी स्नायूचा लिंबाएवढा तुकडा दाखवतात, ती चित्रं चुकीची आहेत. कंबर उतरते ती चरबी पोटावरून, आणि मुख्य म्हणजे पोटाच्या आतून जाते म्हणून. नवे स्नायू येतात मांड्या, पाठ, खांदे, नितंब अशा मोठ्या भागांत, सगळीकडे विखरून. त्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाहीत पण ब्लाउज खांद्यात बसेनासा होतो.

पोटाच्या आतली चरबी वेगळी का काढली? कातडीखालची चरबी चिमटीत येते. आतली चरबी आतडी आणि यकृताभोवती असते, चिमटीत येत नाही, आणि तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात. मधुमेह, फॅटी लिव्हर, हृदयविकार यांच्याशी जास्त नातं हिचंच आहे. चांगली बाब ही की कॅलरींची तूट आणि व्यायाम सुरू झाला की बहुतेकांमध्ये हीच आधी हलते. मांड्यांची आणि दंडाखालची चरबी चिवट असते. पोटाचे शंभर क्रंचेस मारून पोटाची चरबी निवडून काढता येत नाही. कुठली आधी जाणार हे शरीर ठरवतं.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी वजनाच्या आधी टेप निघतो. कंबर मोजायची पद्धत नीट शिकून घ्या, कारण नव्वद टक्के लोक पँटच्या पट्ट्यावर मोजतात आणि तिथेच चुकतात. आरशासमोर उभं राहा, कपडा वर घ्या. बगलेखालून बोट खाली आणत शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कडा शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप ठेवा. टेप मागून घसरलेला असतो, तो आरशात बघून जमिनीला समांतर करा. श्वास नेहमीसारखा बाहेर सोडा आणि त्याच क्षणी वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतवायचा नाही. दोनदा मोजा, सेंटिमीटरचा फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. आपल्याकडे बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं असं मानतात. तुम्ही ८६ वर आहात, म्हणजे अजून काम बाकी आहे, पण दिशा अगदी बरोबर आहे.

जिममधलं पाय ठेवून उभं राहायचं यंत्र तुम्हाला एकदा ३६ टक्के चरबी दाखवतं आणि तीन दिवसांनी ३३, असंही तुम्ही लिहिलंय. ते यंत्र चरबी बघत नाही. एका पायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं, तो दुसऱ्या पायातून परत घेतं आणि वाटेत किती अडथळा आला ते मोजतं. पाणी असलेल्या ऊतीतून प्रवाह सहज जातो, चरबीतून अडखळतो. त्या अडथळ्यावरून, वय-उंची-वजन घालून, एका सूत्राने टक्केवारीचा अंदाज काढला जातो. प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो, त्यामुळे पोटाबद्दल त्याला फारसं कळत नाही. तहानलेलं अंग, व्यायामानंतरचा घाम, कोरडे तळवे, पाळीचे दिवस, कशानेही दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी हाडं, चरबी आणि बाकीचं अंग वेगळं मोजणारा) यापेक्षा पुष्कळ चांगला, पण दर महिन्याला करण्याजोगा नाही आणि गरजही नाही. घरचं यंत्र वापरायचं तर रोज त्याच वेळी, त्याच अवस्थेत वापरा आणि महिन्यांचा कल बघा.

आता ताकदीकडे येते. मला या प्रश्नातला सगळ्यात आवडता भाग हाच.

स्नायू किती जोर लावेल हे मुख्यतः त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं. पण असलेला स्नायू किती वापरला जातो हे मज्जासंस्था ठरवते. मेंदूकडून निघालेला हुकूम मज्जारज्जूतून स्नायूच्या तंतूंच्या गटांपर्यंत जातो. न शिकलेल्या माणसात सगळे गट कामाला लागत नाहीत, लागतात ते एका तालात लागत नाहीत, आणि उलट दिशेचे स्नायू मध्येच आखडून अडवतात. सरावाने हे सुधारतं. आपल्या ठाण्यातलं गोविंदा पथक बघा. जुलैमध्ये पाचव्या थराला डगमगणारी तीच पोरं दहीहंडीला वरचा थर लावतात. पोरं वाढलेली नसतात, कोणी कुठे पाय द्यायचा आणि कधी जोर लावायचा ते बसलेलं असतं. पहिल्या सहा-आठ आठवड्यांतली बहुतेक ताकद अशी येते. स्नायूंची वाढ मोजण्याइतकी व्हायला त्यानंतरचे महिने लागतात.

मानपाड्याच्या एक काकू माझ्याकडे येतात. वीस लिटरचा पाण्याचा जार उचलता येत नाही, वॉचमनला बोलवावं लागतं, एवढीच त्यांची तक्रार होती. पहिल्या दिवशी त्या वाकल्या तेव्हा पाठ गोल झाली, टाचा उचलल्या गेल्या आणि बार नडगीपासून वीतभर पुढे राहिला. मी वजन न वाढवता फक्त बार नडगीला चिकटवला, काखा आवळायला सांगितल्या आणि हाताने ओढण्याऐवजी पायाने जमीन ढकलायला सांगितली. त्याच दिवशी, त्याच वजनाला त्यांचा चेहरा बदलला. दीड महिन्यात मांडीचा घेर टेपवर जसाच्या तसा होता आणि बार वीसवरून चाळीसवर गेला होता. तुमच्या पंचेचाळीस किलोच्या स्क्वॉटमध्येही मोठा वाटा या शिकण्याचा आहे. तो कमी दर्जाचा समजू नका. जिन्यात तोल गेला तर पाय वेळेत सावरणारी हीच मज्जासंस्था असते.

मग जास्त वजनाची माणसं जास्त ताकदवान असतात का? एका अर्थी हो. जाड माणूस दिवसभर स्वतःचंच ओझं वाहतो, त्यामुळे त्याच्या पायांचे स्नायू खरोखर मोठे असतात. लेग प्रेसवर तो बारीक माणसाला सहज मागे टाकतो. कुस्तीत समोरच्याला ढकलताना नुसत्या वस्तुमानाचाही उपयोग होतो. म्हणून तर वजनगट पाडावे लागतात. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलो गटात. पण स्वतःचं अंग हलवायची वेळ आली की हिशोब उलटतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात मीराबाई चानूने दोन्ही प्रकार मिळून २०२ किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपटीहून जास्त. त्याच स्पर्धेत सगळ्यात जड गटात जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने ४८८ किलो उचलले. त्याचं स्वतःचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, म्हणजे पावणेतीन पटींच्या जवळ. तेव्हाचा जगातला सर्वांत ताकदवान वेटलिफ्टर, तरीही किलोमागे मीराबाई पुढे. याला भूमितीचं कारण आहे. अंग सर्व बाजूंनी दुप्पट झालं तर स्नायूचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट होतं. ताकद क्षेत्रफळाने वाढते, ओझं घनफळाने. त्यात ओझ्याचा मोठा भाग चरबीचा असेल तर तो जोर लावत नाही, नुसता वाहावा लागतो.

ठाणे स्टेशनचा पूल सकाळच्या गर्दीत चढताना हाच हिशोब चालू असतो. गुडघ्यांची झीज झालेल्या जास्त वजनाच्या लोकांवरच्या अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी कमी होतो. तेच मांडीचे स्नायू मजबूत झाले की धक्का गुडघ्याऐवजी स्नायू झेलतात. तुम्ही दोन्ही बाजूंनी गुडघ्याला मदत केलीत. आणखी एक गोष्ट फार बोलली जात नाही: अनेक वर्षं न वापरलेल्या स्नायूच्या तंतूंमध्येही चरबी शिरते. घेर तोच दिसतो, पण त्या घेरातून निघणारा जोर कमी होतो. वय वाढलेल्या, बैठ्या माणसाची मांडी भरलेली दिसूनही खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, त्याला हेही एक कारण आहे.

आपल्या लोकांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण परदेशी तक्ते आपल्याला नीट लागू पडत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. काट्यासाठी दोघे सारखेच. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचाही अभ्यास केला. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं जन्मवजन सरासरी साडेतीन किलो, आपल्याकडच्या बाळांचं २.७ किलो. बाळं लहान, हातपाय बारीक, स्नायू कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी तेवढ्या प्रमाणात कमी नव्हती. वरून किरकोळ आणि आतून चरबी, ही आपली ठेवण जन्मापासूनची आहे. म्हणूनच जगभर २५ च्या वर बीएमआय गेला की जास्त वजन म्हणतात, तर आपल्याकडे ती रेघ २३ वर ओढलेली आहे.

याचा अर्थ मी माझ्या लोकांना असा सांगते: बारीक आहोत म्हणून निवांत राहू नका, आणि जाड आहोत म्हणून फक्त उपाशी राहू नका. दोघांचीही स्नायूंची शिल्लक कमी आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. ही कोठारं लहान असतील तर साखर रक्तातच फिरत राहते. चालल्याने, पायऱ्या चढल्याने, वजन उचलल्याने ती कोठारं रिकामी होतात आणि पुन्हा भरायला तयार होतात. हा फायदा काट्यावर एक ग्रॅमही न हलता मिळतो.

जाऊबाईंबद्दल जपून बोलते. त्यांनी मनाचा निग्रह दाखवला हे खरं, आणि त्यांना कमी लेखायचं काही कारण नाही. पण नुसत्या उपासमारीने वजन उतरतं तेव्हा उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर ऊतींचा असतो, त्यात स्नायू आले. आहारात प्रथिनं कमी आणि व्यायाम शून्य असेल तर हिस्सा आणखी वाढतो. नऊ किलोंतले दोन-सव्वादोन किलो असे गेले असतील. पुढे खाणं पूर्ववत झालं की वजन परत येतं, आणि व्यायाम नसेल तर परत येणारं मुख्यतः चरबी म्हणून येतं. दोन-तीनदा असं झालं की वजन पहिल्याइतकंच, पण आतला माणूस आधीपेक्षा अशक्त. त्यांना तुमच्याबरोबर जिमला घेऊन जा. नऊ किलो उतरलेलं अंग आणि वर ताकद, हे दोन्ही त्यांना मिळू शकतं. वजन उतरवायची नवी इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. टिर्झेपेटाइड २०२५ च्या मार्चपासून भारतात मिळू लागलं आणि माझ्याकडे ते घेणारे लोक येऊ लागले. डॉक्टरांनी दिलं असेल तर जरूर घ्यावं, पण भूक मरते तेव्हा प्रथिनं आधी सुटतात. त्यांनी तर वजनं उचलणं सोडताच कामा नये.

एका बाबतीत मात्र खोटी आशा देणार नाही. 'स्नायू वाढवा, झोपेतही चरबी जळेल' असं सर्रास सांगतात. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी साडेचार. तुमचे दोन किलो स्नायू वाढले असतील तर दिवसाची भर २५-२६ कॅलरींची, म्हणजे पाव पोळी. स्नायू मिळवायचे ते या पाव पोळीसाठी नव्हे. ते मिळवायचे साखर ताब्यात ठेवायला, हाडांवर ताण देऊन ती टणक ठेवायला, आणि सत्तरीत स्वतःच्या पायावर उभं राहायला.

तुमचं वय ४४ म्हणून हे विशेष महत्त्वाचं. तिशीनंतर दर दशकात स्नायू काही टक्क्यांनी घटतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंपेक्षाही झपाट्याने उतरते. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि चरबीची जागा मांड्यांवरून पोटाकडे सरकते. खाण्यात काही बदल नसतानाही कंबर वाढते. तुमची कंबर याच वयात पाच सेंटिमीटर उतरलीय, हे जाऊबाईंच्या नऊ किलोंपेक्षा मला मोठं वाटतं. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरलेले निकष सोपे आहेत: हाताच्या पकडीचा जोर बाईचा १८ किलोंच्या आणि पुरुषाचा २८ किलोंच्या खाली असेल, किंवा हात छातीशी बांधून खुर्चीतून पाचदा उठायला-बसायला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर स्नायू कमजोर होत असल्याची शंका घ्यायची. खुर्चीची चाचणी घरातल्या सगळ्या ज्येष्ठांची घ्या. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही.

चरबी शत्रू आहे असं मात्र मनात घेऊ नका. बाईच्या शरीराला निव्वळ जगायला दहा-बारा टक्के चरबी लागते, पुरुषाला तीन टक्क्यांच्या आसपास. त्या बाजूला फार झुकलं की पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात. तुमच्यासाठी तीस टक्क्यांच्या थोडं खालचा आकडा पुरेसा चांगला आहे. फोटोतल्या मॉडेलांचं पोट तुमचं ध्येय नाही.

खाण्याबद्दल. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, ती साधारण निरोगी माणसाला पुरतील एवढी. वजनं उचलणाऱ्याला आणि चरबी उतरवणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. तुम्ही रोज ८० ग्रॅम धरा. दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम. वाटीभर घट्ट मटकीची उसळ सात-आठ. दीड वाटी दही पाच-सहा. मूठभर भाजलेले शेंगदाणे सात. पेलाभर दूध सहा-सात. रात्री एक मोठा बांगडा किंवा १०० ग्रॅम पनीर, अठरा-वीस. दिवसभरातल्या पोळ्या-भाकऱ्यांतून दहा-बारा सहज येतात. पातळ वरणावर विसंबू नका. वाटीत डाळ किती आणि पाणी किती ते बघा. कोरडी तीस ग्रॅम डाळ असेल तर साडेसहा ग्रॅम प्रथिनं, आणि आपल्या वरणाच्या वाटीत पुष्कळदा त्याच्या निम्मीही डाळ नसते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाता तेव्हा प्रथिनं देतात ते त्यातले शेंगदाणे. साबुदाणा निव्वळ पिठूळ आहे, म्हणून त्या दिवशी ताक-दूध-पनीर वाढवा.

व्यायामात फार बदल नको. तीन दिवस, प्रत्येक दिवशी स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), एक ढकलायचा प्रकार, एक ओढायचा प्रकार. पाच ते दहा रेप्स, शेवटी दोन रेप्स अजून निघाल्या असत्या अशा ठिकाणी थांबायचं. उरलेल्या दिवशी उपवन तलावाला भरभर फेऱ्या मारा किंवा येऊरचा चढ अर्ध्यापर्यंत. बाया वजन उचलून पुरुषी दिसतात ही भीती तुमच्या सासूबाईंना असेल तर त्यांना सांगा की सहा महिन्यांत तुमचा दंड किती वाढला ते टेपने मोजून बघा.

पुढचे तीन महिने वहीत तीनच गोष्टी लिहा: आठवड्याच्या वजनाची सरासरी, पंधरा दिवसांनी कंबर, आणि बारवरचं वजन. कंबर उतरतेय आणि बार चढतोय तोवर काट्याने काहीही सांगो, खाण्याला हात लावू नका. कंबर आणि वजन दोन्ही महिनाभर जागचे हलले नाहीत तर रात्रीचा भात थोडा कमी करा, प्रथिनं नको. वजन आठवड्याला पाऊण किलोपेक्षा जास्त वेगाने पडायला लागलं आणि बारही खाली आला, तर खाणं वाढवा, कारण मग स्नायू जाताहेत. सगळं नीट करूनही थकवा, केस गळणं, पाळीतले मोठे बदल असतील तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. रक्तदाब जास्त असेल किंवा हर्निया असेल तर जड वजनाला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि उचलताना श्वास कोंडू नका. यातलं काही नसेल तर पुढच्या आठवड्यात बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट चढवून साडेसत्तेचाळीसवर तीन रेप्स करून बघा, सेफ्टी बार (वजन सुटलं तर झेलणारे आडवे दांडे) लावून, आणि तिसरी रेप कशी निघाली ते मला कळवा.